स्पाइक : तिसऱ्याला लाभ कोणता?

'दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ' ही म्हण 'टॉम अँड जेरी'मधल्या स्पाइक या बुलडॉगला लागू पडत नाही. तो तिसरा आहे, सर्वांत बलवान आहे. पण त्याच्या पदरी पडते ती केवळ झोपमोड. या विसंगतीमुळेच हे दुय्यम पात्र मला महत्त्वाचे वाटते.

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांच्या या मालिकेत स्पाइक प्रथम आला तो १९४२ च्या 'डॉग ट्रबल'मध्ये. पुढेही बराच काळ त्याचे नाव स्थिर नव्हते. 'द ट्रूस हर्ट्स'मध्ये (१९४८) तो 'बुच' आहे. परंतु त्याच्या येण्याने पाठलागाचे गणितच बदलते. जेरीला आता टॉमला हरवावे लागत नाही; स्पाइकचा राग टॉमकडे वळवला की पुरे.

ऑस्करविजेत्या 'क्वाएट प्लीज'मध्ये (१९४५) हे सर्वांत स्पष्ट दिसते. पुन्हा आवाज झाला तर खैर नाही, असे स्पाइक टॉमला बजावतो. त्या क्षणापासून आवाज हे जेरीचे शस्त्र होते आणि शिकारी टॉम दुसऱ्याच्या झोपेचा पहारेकरी. आवाज कोणी केला, याची चौकशी स्पाइक करीत नाही. समोर दिसेल तो दोषी.

आपण हसतो, आणि दुबळ्याला न्याय मिळाला असे मानतो. माझा आक्षेप इथे आहे. टॉमला मार बसतो तो उंदराला छळल्याबद्दल नव्हे, तर बलवानाची झोप मोडल्याबद्दल. सत्तेच्या चिडचिडीला आपण न्याय समजून बसतो.

'द बॉडीगार्ड'मध्ये (१९४४) तर हे संरक्षण उपकाराच्या परतफेडीवर उभे आहे. जेरी त्याला कुत्री पकडणाऱ्या गाडीतून सोडवतो, म्हणून तो शिट्टीसरशी धावून येतो. शेवटी तोच पुन्हा गाडीत अडकतो आणि जेरीची शिट्टी व्यर्थ जाते.

म्हणून स्पाइकला खलनायक म्हणता येत नाही, न्यायाधीशही नाही. त्याला झोप हवी, हाड हवे, आणि 'लव्ह दॅट पप'पासून (१९४९) पिल्लाची सुरक्षितता हवी. दुय्यम पात्र प्रमुख पात्रांना उठाव देते, असे आपण वर्गात शिकवतो. स्पाइकच्या बाबतीत ते अपुरे आहे. प्रमुख पात्रे ज्या नियमाने जगतात, तो नियमच त्याच्या झोपेवर अवलंबून आहे.