बुगडीच्या जागी नवे छिद्र

रविवारची सकाळ. बडोद्यातील एका मराठी घरात चहाची दुसरी फेरी चालू होती. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या लेकीने मोबाइलवरचे छायाचित्र सर्वांपुढे धरले आणि जाहीर केले, "मला डेथ करून घ्यायचं आहे."

आजीच्या हातातली बशी हिंदकळली. "अगं, सकाळी सकाळी हे कसलं अभद्र बोलणं?"

मग उलगडा झाला. कानाच्या भोकाच्या वर कूर्चेची एक छोटी घडी असते. तिच्यात बारीक बाळी घालण्याचा हा प्रकार. नावाचा मरणाशी काहीएक संबंध नाही. हिब्रू भाषेतील 'ज्ञान' या अर्थाच्या शब्दावरून ते पडले असे सांगतात. पण आपल्याकडे ते 'डेथ' म्हणूनच उच्चारले जाते आणि घरोघरी आज्या दचकतात.

या हट्टामागे नुसती हौस नव्हती. मुलीला अर्धशिशीचा त्रास होता. महिन्यातून दोन-तीन दिवस अंधाऱ्या खोलीत डोके धरून पडावे लागे. त्या जागी कान टोचला की अर्धशिशी थांबते, असे मैत्रिणीने सांगितले होते. वडील म्हणाले, "नोकरीच्या मुलाखतीला अशीच जाणार का?" आई म्हणाली, "दुखेल किती!" आजी मात्र काहीच बोलली नाही. तिने कानावरचे पांढरे केस बाजूला केले आणि नातीला जवळ बोलावले.

आजीच्या उजव्या कानाची वरची कड एका ठिकाणी चुरगळल्यासारखी आत वळलेली होती. "लहानपणी बुगडीसाठी टोचला होता. पिकला. महिनाभर तेल-हळद लावत बसले सगळे. डॉक्टरकडे नेलं तेव्हा उशीर झाला होता. तेव्हापासून मी केस कानावरूनच घेते. टोचायला माझी ना नाही गं. पण कोण टोचतो आणि कशानं टोचतो, ते मी बघणार."

जुनाच शौक, नवे नाव

कानाच्या वरच्या भागात छिद्र पाडणे ही काही परदेशी टूम नव्हे. मराठी बायकांची बुगडी कानाच्या वरच्या कडेलाच असते. पेशवाईतील पुरुषांच्या कानात दिसणारी मोत्यांची भिकबाळी उजव्या कानाच्या वरच्या भागात घालतात. २०१५ साली 'बाजीराव मस्तानी' चित्रपट आल्यानंतर ती तरुणांमध्ये पुन्हा लोकप्रिय झाली. नाथपंथातील दीक्षा घेतलेले योगी तर कानाच्या मधल्या कूर्चेलाच छेद देऊन त्यात कुंडले घालतात. म्हणूनच त्यांना कानफाटे म्हणतात.

शास्त्रही जुनेच आहे. सुश्रुतसंहितेत कर्णवेधाचे सविस्तर वर्णन आहे. बाळ सहा-सात महिन्यांचे झाले की त्याला मांडीवर घ्यावे, खेळण्यांनी रमवावे, कानाची पाळी उन्हात धरून जिथून प्रकाश आरपार दिसेल त्या जागी सुई घालावी. मुलाचा उजवा कान आधी आणि मुलीचा डावा, असे त्यात सांगितले आहे. चुकीच्या जागी शीर विंधली गेली तर ताप, सूज आणि गाठी होतात, असा इशाराही आहे. प्रकाश आरपार दिसणारी जागा म्हणजे जिथे मोठ्या शिरा नाहीत ती जागा, हे आजच्या वाचकालाही सहज पटेल.

पाळी वेगळी, कूर्चा वेगळी

बाळाचा कान टोचतात ती पाळी मऊ असते. तिच्यात चरबी आणि रक्तवाहिन्या असतात, त्यामुळे तिची जखम साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरते. कानाचा वरचा भाग कूर्चेचा असतो. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावरील पातळ आवरणातून तिचे पोषण होते. म्हणूनच तिथली जखम पूर्ण बरी व्हायला सहा महिने ते वर्षही लागते. जंतू शिरले तर ते आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये पू साठतो, पोषण तुटते आणि कूर्चा मरते. ती पुन्हा उगवत नाही. आजीच्या कानाचे हेच झाले होते.

दागिन्यांच्या काही दुकानांत स्प्रिंगच्या बंदुकीने कान टोचतात. कूर्चेसाठी ही बंदूक नकोच. तिचा बोथट खडा जोराने आत घुसतो आणि कूर्चा चिरडतो. शिवाय बंदुकीचा प्लास्टिकचा भाग वाफेच्या उष्णतेत निर्जंतुक करता येत नाही. स्टुडिओत वापरतात ती पोकळ सुई धारदार असते आणि एकदाच वापरून फेकायची असते. अस्वच्छ सुईतून कावीळ 'ब' आणि 'क' तसेच एचआयव्ही यांची लागण होऊ शकते, म्हणून या बाबतीत भीड बाळगू नये.

स्टुडिओतील अर्धा तास

पुढच्या शनिवारी तिघीजणी गावातल्या एका स्टुडिओत गेल्या. आजीने खुर्चीवर टेकायच्या आधीच विचारले, "सुई उकळता का?" तिथल्या तरुणाने हसून त्यांना ऑटोक्लेव्ह दाखवला. दाबाखालच्या वाफेत, १२१ अंश सेल्सिअसला, हत्यारे निर्जंतुक होतात. सुईचे बंद पाकीट आजीच्या समोरच फुटणार होते. दागिना शरीरात बसवण्याच्या दर्जाच्या टिटॅनियमचा होता. स्वस्त दागिन्यांतील निकेलने अनेकांच्या कानाला खाज आणि पुरळ येते, हे त्याने आपणहून सांगितले.

मग त्याने हातमोजे घालून मुलीचा कान पाहिला आणि मान हलवली. "तुमची ही घडी फार लहान आहे. बाळी नीट बसणार नाही, सारखी दाबली जाईल. मी करणार नाही."

मुलीचे डोळे भरून आले. "पण माझी डोकेदुखी?"

"त्याचं मी काही सांगू शकत नाही. त्यासाठी डॉक्टरच."

गिऱ्हाईक परत पाठवण्याची तयारी हीच चांगल्या कारागिराची खूण. डॉक्टरांनीही पुढच्या आठवड्यात तेच सांगितले. कान टोचल्याने अर्धशिशी बरी होते याला भक्कम पुरावा नाही. काहींना काही काळ बरे वाटते, पण तो विश्वासाचा परिणामही असू शकतो. अर्धशिशीवर औषधे आहेत. जेवण, झोप आणि डोकेदुखीच्या वेळा वहीत लिहून ठेवल्या तर कारणही सापडू शकते. मुलीने वही सुरू केली.

कानाची हौस मात्र राहिलीच होती. महिनाभराने ती आणि आजी पुन्हा त्याच स्टुडिओत गेल्या. या वेळी जागा ठरली होती, कानाची वरची कड. आजीने पाकीट फुटताना पाहिले, मग नातीचा हात घट्ट धरला. दुखले, पण क्षणभरच.

ही काळजी घ्या

मधुमेह, रक्त न गोठण्याचा विकार किंवा जखमेवर जाड वण वाढण्याची प्रवृत्ती असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. गरोदरपणात हा बेत पुढे ढकलावा.

छिद्र औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या निर्जंतुक सलाइनने दिवसातून एक-दोनदा स्वच्छ करावे. स्पिरिट, हळद, तेल किंवा कडुलिंबाची काडी यांपैकी काही लावू नये. हात धुतल्याशिवाय दागिन्याला स्पर्श नको, आणि तो फिरवत बसणेही नको.

त्या कुशीवर झोपू नये. हेल्मेट, ओढणी आणि कंगवा जपून वापरावा. जखम भरेपर्यंत पोहणे टाळावे. रक्तदान करायचे असल्यास कान टोचल्याचे तिथे आवर्जून सांगावे.

सुरुवातीला थोडी लाली आणि सूज येतेच. पण वरचा कान तापून लाल झाला, ठणका वाढत गेला, पू आला किंवा ताप भरला, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. दागिना आपल्या मनाने काढू नये. छिद्र वरून मिटून पू आत कोंडला जाऊ शकतो.

आजीची मोत्यांची बुगडी कपाटातल्या डबीत आहे. नातीने ती मागितली तेव्हा आजीने डबी उघडून दाखवली आणि पुन्हा मिटली. "वर्ष होऊ दे. मी वाट बघायला तयार आहे, तूही बघ."