कावळा झाल्यावाचून

आमचे नातवंड काऊ-चिऊची गोष्ट घडाघडा वाचते. घरी कोण कौतुक! मी आपले विचारले, “कावळ्याचे घर का रे वाहून गेले?” स्वारी गप्प. ‘शेणाचे’ हा शब्द वाचला होता. पावसात शेणाचे काय होते, हे डोळ्यांपुढे आलेच नव्हते.

शाळेत सुचवले, मुलांना गोष्ट करून पाहू द्या. उत्तर आले, “नाटकांना वेळ कुठे आहे?” अहो, स्नेहसंमेलन कोण मागतो आहे! तोंडाला रंग फासून पाठ केलेली भाषणे म्हणणे ही तर पुन्हा घोकंपट्टीच. भावनगरचे बालमंदिर १९२० चे. तेथे गिजुभाई बधेका मुलांना गोष्टी सांगत आणि पाठांतरावाचून त्या करूही देत. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीच्या खेड्यात बालवाडी नेली. आणि आम्हांला अजून वेळ नाही!

अखेर मीच चिमणी झालो. दाराआडून सबबी सांगत राहिलो. बाहेर कावळा कुडकुडला, मग चिडला.

“आजोबा, चिऊला खरंच काम होतं, की मला आत घ्यायचंच नव्हतं?”

पुस्तकात उत्तर नाही. ते शोधायला त्याने गोष्ट तीनदा वाचली.