बाबरियाचं जंगल

गेल्या महिन्यात एका भगिनीचं पत्र आलं. बारावी झालेली लेक दिवसभर डोंगर, झाडं, नदीकाठ रंगवत बसते. घरातले विचारतात, निसर्गचित्रांवर कुणाचं पोट भरलंय? ताई, मी तुम्हाला सय्यद हैदर रझा यांची गोष्ट सांगतो.

रझांचा जन्म १९२२ चा, मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचा. अब्बा वनखात्यात रेंजर. भोवती घनदाट जंगल. तिथल्या रात्रीची भीती आणि सकाळच्या उजेडाचा दिलासा, दोन्ही त्यांच्या मनातून कधी गेले नाहीत. वर्गात लक्ष लागत नाही म्हणून मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे बघत बसवलं होतं, तेही नाही.

नागपूरच्या कलाशाळेतून ते मुंबईला आले. दिवसा ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरी, उरलेल्या वेळात जलरंगांत शहराचे रस्ते. (ताई, नोकरीचं हे वाक्य घरच्यांना वाचून दाखवा.) पुढे जे. जे. स्कूल, आणि १९४७ मध्ये सूझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांच्यासोबत प्रोग्रेसिव्ह ग्रुप. त्याच वर्षी अम्मीचा इंतकाल झाला, पुढच्या वर्षी अब्बांचा. भावंडं पाकिस्तानात गेली. रझा इथेच राहिले.

१९४८ मध्ये ते निसर्गचित्रं काढायला काश्मीरला गेले. तिथे फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ भेटले. चित्रं चांगली आहेत, पण त्यांत बांधणी नाही, सेझानची चित्रं अभ्यासा, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. दुसरा कुणी रुसला असता. रझा मुंबईत येऊन फ्रेंच शिकू लागले आणि १९५० मध्ये शिष्यवृत्ती मिळवून पॅरिसला पोहोचले.

तिथे त्यांनी फ्रान्सची खेडी रंगवली, घरं, चर्च, वर काळा सूर्य. १९५६ मध्ये समीक्षकांचा मानाचा पुरस्कार मिळाला, तोवर तो कुणा परदेशी चित्रकाराला मिळाला नव्हता. तिथल्याच चित्रकार जानीन यांच्याशी लग्न झालं, संसार थाटला. नाव झालं, तरी मन भरेना. सत्तरच्या दशकात ते वारंवार भारतात येऊ लागले. चित्रांतली घरं विरघळली, उरले ते पेटलेले रंग आणि अंधार. त्यांतल्या एका चित्राचं नावच ‘जमीन’. मग आला ‘बिंदू’.

बिंदू, प्रकृती हे शब्द ऐकून आपल्याकडे काहींच्या कपाळावर आठ्या येतात. निसर्गचित्रं तिथे संपली, असंही जाणकार म्हणतात. मला ते पटत नाही. त्या काळ्या वर्तुळाकडे थोडा वेळ बघा. बाबरियाची रात्र तशीच असणार.

जानीन गेल्यावर, २०१० च्या अखेरीस, साठ वर्षांनी ते दिल्लीत परतले आणि थकल्या हातांनी रंगवत राहिले. २३ जुलै २०१६ रोजी गेले. त्यांच्या इच्छेनुसार मंडल्याच्या कब्रस्तानात अब्बांच्या शेजारी त्यांना दफन केलं. नर्मदा त्याच गावातून वाहते.