चार याद्या, एक बंद नंबर

एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट. पनवेलपासून कर्नाळ्याच्या पायथ्याच्या गावांपर्यंत सगळीकडे एकच प्रश्न होता, ऑक्सिजनचा बेड कुठे मिळेल? आम्ही कोड लिहिणारी मुलं कामाला लागलो. ओळखीतल्या चार गटांनी आठवड्याभरात चार याद्या केल्या. त्यातली एक माझी.

एका रात्री कर्नाळ्याकडच्या एका कुटुंबाने माझ्या यादीतला नंबर लावला. बंद. तो बंद असल्याचं दुसऱ्या गटाला दोन दिवस आधीच कळलं होतं. त्यांनी स्वतःच्या यादीतून तो काढलाही होता. मला कळवलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. रुग्णाला सकाळी बेड मिळाला, पण ती रात्र आमच्या नावावर जमा आहे.

चारही याद्यांचा कोड सर्वांसाठी खुला होता, हे विशेष! कोड खुला ठेवला की ओपन सोर्स झालं, हा आपला भ्रम आहे. तोंडं बंद असतील तर खुल्या कोडचा काय उपयोग? आजही तेच चाललंय. रक्तदात्यांचं ॲप, शिष्यवृत्तीच्या माहितीचं ॲप, प्रत्येकाची वेगळी चूल. एक ना धड, भाराभर चिंध्या. सहा महिन्यांनी करणाऱ्याला नोकरी लागते आणि ॲप मरतं.

खरं कारण वेळेचा अभाव नाही. दुसऱ्याच्या प्रकल्पात चूक दुरुस्त केली तर नाव मागे राहतं; नवा प्रकल्प काढला तर 'संस्थापक' म्हणवता येतं. ही हौस आहे, आणि तिची किंमत गरजू माणूस मोजतो.

कुणी म्हणेल, स्पर्धा नको का? हवी. लिनक्सवर जीनोम आणि केडीई हे दोन डेस्कटॉप आजही वेगळे आहेत. पण दोघांना लागणाऱ्या समान गोष्टी एकत्र ठरवता याव्यात म्हणून हॅवॉक पेनिंग्टन यांनी २००० साली फ्रीडेस्कटॉप सुरू केलं. अक्षरजुळणीचंही तसंच. फ्रीटाइपमधला एकच कोड जीनोमच्या पँगोने आणि केडीईखालच्या क्यूटने आपापल्या घरी नेला, तो दोन दिशांना वाढला. मग दोन्हीकडचे लोक एकत्र बसले आणि त्यातून हार्फबझ उभं राहिलं. आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड तेच वापरतात. २०१७ पासून लिबरऑफिसही सगळीकडे त्यावरच चालतं. 'दुसऱ्या'मधला अर्धा र आणि उर्दूची नस्तालिक वळणं, दोन्ही तीच लायब्ररी जुळवते. तिथे एकाने केलेली दुरुस्ती सगळ्यांच्या पडद्यावर पोचते. म्हणजे वर हवी तेवढी स्पर्धा करा, पाया मात्र एक ठेवा.

दोस्तांनो, पुढचं ॲप सुरू करण्याआधी एक संध्याकाळ शोधण्यात घाला. तसंच काम करणारा कुणी सापडला तर त्याला चार ओळी लिहा. त्याचा कोड घेऊन बदललात तर बदल परत पाठवा. माहिती अशा साध्या फाइलमध्ये ठेवा, की कुणालाही वापरता येईल. काम सोडत असाल तर तसं लिहून ठेवा आणि चाव्या दुसऱ्याच्या हाती द्या.

पुढचं संकट आपल्याला विचारून येणार नाही. शेजारच्या गटाला फोन आजच करा.