माइकवर माणूस हवाच

'पुढील स्टेशन सानपाडा' हे डब्यातलं वाक्य रेकॉर्ड केलेलं असतं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तेच वाक्य तीन भाषांत, दिवसभर, न खोकता बोलणं हे यंत्राचंच काम. वाशी, सानपाडा, जुईनगर, नेरूळ हा क्रम काही रोज बदलत नाही. कधी घोषणा एका स्टेशनाने मागे पडते आणि नवखा माणूस जुईनगर समजून नेरूळला उतरतो. तो बग आहे, दुरुस्त होईल.

पण "सगळंच ऑटोमॅटिक करा, माणूस हवा कशाला?" असं आमच्याच धंद्यातली मंडळी म्हणतात तेव्हा डोकं फिरतं. अरे बाबांनो, नेहमीचा रस्ता कोणीही कोड करतो. खरी परीक्षा एक्सेप्शनची!

आपलंच बघा. 1992 मध्ये लोकल मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला आली. या पट्ट्यात काही अडलं, तर कुर्ल्याला उतरून मेन लाइनने ठाणं आणि तिथून 2004 मध्ये सुरू झालेल्या ट्रान्सहार्बरने घर गाठता येतं. पण हे कुर्ल्याच्या आत कळायला हवं. गोवंडीला कळून काय उपयोग? रेकॉर्डिंग तुम्हाला 'दिलगीर आहोत' एवढंच सांगणार. "कुर्ल्याला उतरा, ठाण्याहून जा" हे सांगायला परिस्थिती समजलेला माणूसच लागतो.

26 नोव्हेंबर 2008 ची रात्र आठवा. सीएसटीवर गोळीबार सुरू झाला तेव्हा उद्घोषक विष्णू झेंडे केबिनमध्ये होते. मेन लाइनकडे जाऊ नका, एक नंबर प्लॅटफॉर्मच्या मागच्या बाजूने बाहेर पडा, असं ते माइकवरून सांगत राहिले. त्यांच्या केबिनवरही गोळ्या झाडल्या गेल्या. त्या सूचनेमुळे कितीतरी लोक वाचले. ती कुठल्या रेकॉर्डिंगमध्ये होती हो?

"माणसाचा आवाज घरघरतो, शब्द कळत नाहीत," हा आक्षेप मान्य. मग स्पीकर बदला ना, माणूस कशाला काढता?

माझं म्हणणं साधं आहे. गाडी वेळेवर असेल तर यंत्राला बोलू द्या. बिघाड झाला की रेकॉर्डिंग बंद आणि माइक माणसाकडे. त्याने तीनच गोष्टी सांगाव्यात: काय झालंय, अंदाजे किती वेळ लागेल आणि दुसरा रस्ता कोणता.

दिलगिरी नंतर व्यक्त केली तरी चालेल. आधी घरी कसं जायचं ते सांगा!