धक्का उतारूंचा की दिवाणखाना बड्यांचा?

चौथीच्या वर्गात आम्ही एकदा मुलांस विचारले, "बंदर म्हणजे काय?" एक पोर चटकन उठून म्हणाले, "माकड, गुरुजी!" वर्ग हसला, पण त्या पोराचे चुकले तरी काय? आमचे नवापूर गुजरातच्या अगदी वेशीवर. स्टेशनात तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, तर स्टेशनमास्तर बसतात गुजरातेत. हिंदी नि गुजराती मुलांच्या कानावर रोज पडते; समुद्र मात्र भिंतीवरच्या नकाशात निळा रंग होऊन बसलेला. मग मुंबईच्या अपोलो बंदराशेजारी व्हावयाच्या नव्या धक्क्याविषयी नवापुराहून लेखणी चालविण्याचे कारण काय, असे कोणी पुसेल. एक कारण असे की, धक्का बांधणार सरकारी सागरी मंडळ, आणि सरकारी खजिन्यात काडीपेटी विकत घेणाऱ्या माणसाचाही पैसा असतो. दुसरे कारण पुढे ओघाने येईल.

आधी हकीकत. गेटवे ऑफ इंडियापासून सुमारे २८० मीटरांवर, रेडिओ क्लबाजवळ, महाराष्ट्र सागरी मंडळाने २२९ कोटी रुपये खर्चाचा उतारूंचा धक्का योजिला. मार्च २०२५ मध्ये भूमिपूजन झाले. बेतात दीडशे मोटारी उभ्या करण्याची जागा, बड्या पाहुण्यांसाठी वेगळी बैठक, खानपानाची सोय, आणि समुद्राकडे तोंड करून बसावयाचे एक गोलाकार प्रेक्षागृहही होते. कुलाब्याचे रहिवासी हायकोर्टात गेले. त्यांचे म्हणणे, आम्हांस न विचारता हे ठरविले, रस्ते आधीच तुंबलेले आहेत, आणि जुन्या इमारतींच्या शेजाराची शोभा जाईल. १५ जुलै २०२५ रोजी मुंबई हायकोर्टाने त्यांचे अर्ज काढून टाकले, आणि १ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टानेही हात घालण्यास नकार दिला. सांडपाण्याचे केंद्र सर्वांस हवे असते, पण आपल्या घरामागे कोणास नको असते, अशा अर्थाचा शेरा तेथील सुनावणीत सरन्यायाधीश गवई यांनी मारला.

आता या भांडणात एक गोष्ट आमच्या ध्यानात आली, ती वाचकांपुढे ठेवतो. एका बाजूस समुद्र दिसणाऱ्या खिडक्यांचे मालक, दुसऱ्या बाजूस प्रेक्षागृहाचे नकाशे काढणारे साहेब. दोघेही पोट भरलेले. ज्याच्या पायाखाली ती पायरी असते, तो उतारू कोठे होता? वर्षाला तीस लाखांवर माणसे गेटवेच्या पायऱ्यांवरून बोटींत चढतात. घारापुरी बेटावर गाव आहे. तेथील बाईस बाळंतपणासाठी मुंबईस यावयाचे तर दुसरी वाट नाही. लाँचीवर राबणारा खलाशी, पहाटेच्या बोटीने कामावर येणारा मजूर, बेटावर खेळणी व टोप्या विकणारी बाई, यांपैकी कोणाची कैफियत छापून आलेली आम्ही तरी वाचली नाही.

रहिवाशांची सगळीच तक्रार खोटी, असे आम्ही म्हणत नाही. लोकांस न पुसता लोकांचे काम ठरविण्याची खोड सरकारास आहे, हे धरणाखाली गावे गेलेल्या आमच्या तालुक्यास कोणी नव्याने शिकवावयास नको. पण शोभा, शोभा म्हणून जो आक्रोश झाला, तो ऐकून हसू येते. ती कमान बांधली कोणासाठी? १९११ साली बादशहा पंचम जॉर्ज त्या बंदरावर उतरला, त्याच्या आठवणीसाठी. १९२४ साली ती पुरी झाली. बादशहास कमान मिळाली, आणि रयतेस मिळाल्या शेवाळलेल्या दगडी पायऱ्या, वर छप्पर नसलेल्या. आम्ही त्या पायऱ्यांवर उभे राहिलो आहोत. बोटी एकीला एक लागून उभ्या असतात. पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत पाय टाकीत जावयाचे. लाट आली की बोट कमरेइतकी वर, लाट ओसरली की तितकीच खाली. आमच्यापुढे एक म्हातारी होती. खलाश्याने तिचे दोन्ही दंड धरले, 'आता' म्हणून ओरडला आणि पोते उचलावे तशी तिला आत घेतली. म्हातारी बसल्यावर आधी काय केले? आपली चप्पल दोन्ही पायांत आहे ना, हे पाहिले. नव्या शतकाची पंचवीस वर्षे गेल्यावर देशातील सर्वांत श्रीमंत शहराच्या बंदराची ही तऱ्हा! तेव्हा धक्का नको म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसणार नाही. धक्का हवाच.

पाण्यावरच्या प्रवासात गरिबाचा जीव किती स्वस्त, याचे दाखले शोधावयास लांब जाणे नको. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' आगबोट वादळात उलटली व सहाशेहून अधिक माणसे बुडाली. स्वराज्यास महिनाही उरला नव्हता. त्या दिवशी रेवसकडच्या कोळ्यांनी होड्यांतील मासळी समुद्रात फेकून माणसे उचलली, असे सांगतात. दिवसाची कमाई पाण्यात टाकून परक्याचा जीव वाचविणारे हे लोक. बंदराच्या कोणत्या कमिटीवर त्यांना खुर्ची मिळाली? पुढे १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीस निघालेल्या 'नीलकमल' बोटीस नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसली. पंधरा माणसे गेली. परवाना ८४ उतारूंचा नि ६ खलाश्यांचा. बोटीत माणसे शंभरावर. जीवरक्षक जाकिटांची सक्तीने अंमलबजावणी सुरू झाली ती नंतर. सत्त्याहत्तर वर्षांत आगबोटीचे इंजिन सुधारले, पण धक्क्यावर उभे राहून माणसे मोजणारा कारकून काही सुधारला नाही.

हायकोर्टाने निकालात ज्या अटी घातल्या त्या आम्हांस मूळ निकालाहून महत्त्वाच्या वाटतात. गोलाकार प्रेक्षागृहात खेळतमाशे व्हावयाचे नाहीत, तेथे उतारूंनी बोटीची वाट पाहत बसावे. खाणावळ चालवावयाची नाही. पिण्याचे पाणी व बांधीव खाऊ मिळावा. धक्का हा धक्काच असावा, इतके सांगण्यास हायकोर्ट लागले! मात्र त्याच निकालात एक गोष्ट अशी आहे की तिच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेविले पाहिजे. नवा धक्का झाला की गेटवेजवळचे चार जुने धक्के टप्प्याटप्प्याने बंद करावयाचे आहेत. नौदलास सुरक्षिततेची चिंता आहे, ती रास्तच. पण जुनी पायरी बंद होण्याच्या आदल्या दिवशी लहान लाँचवाल्याला नव्या ठिकाणी जागा लिहून मिळालेली असावी, आणि भाड्याचा फलक मराठीत ठळक अक्षरांत टांगलेला असावा. नाही तर धक्का सरकारी पैशाने व्हावयाचा आणि त्यावर बोट लावावयाची ती दोन-चार बड्या कंपन्यांनीच. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते.

मोटारवाल्यांसाठी सरकारची निकड कशी असते, हे मांडव्यास दिसलेच आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी वाहून नेणारी मोठी बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. सडकेने शंभर किलोमीटरांवर जाणारा वळसा वाचला. चांगले झाले. परंतु पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद पडल्या की साध्या माणसास भाऊच्या धक्क्यावरून मोरा-रेवसची लाँच गाठावी लागते. भरपावसात मोऱ्यास किंवा रेवसला डोक्यावर पाटी घेऊन उतरावयाचे ते धक्क्याच्या त्याच जुन्या पायऱ्यांवर. दीडशे मोटारींच्या जागेआधी त्या पाटीचा विचार व्हावा.

आता आमचे दुसरे कारण. समुद्र नसला म्हणून नंदुरबार जिल्ह्यास बोट नाही असे कोणी समजू नये. १९७२ साली उकाई धरण झाले, आणि तापीच्या फुगवट्यात आमच्या नवापूर तालुक्याचीही गावे गेली. नर्मदेवर सरदार सरोवर झाले, आणि अक्राणी व अक्कलकुवा या तालुक्यांतील ३३ गावांना त्याची झळ लागली. जेथे नदी उतरून जाता येई तेथे दर्याएवढे पाणी पसरले, आणि दवाखाना, रेशन, शाळा ही बोटीच्या पलीकडे गेली. २०२० च्या साथीत चिमलखेडीकडील एका अंगणवाडीच्या बाई मासेमाराची होडी मागून घेऊन, स्वतः वल्हवीत, पाड्यांवरच्या बाळांना खाऊ पोचवीत होत्या. सारा देश त्यांचे कौतुक करीत होता. कौतुक करणाऱ्यांपैकी कितीजणांनी पुसले की, बाई, तुम्ही होडीतून उतरता कोठे? १५ जानेवारी २०१९ रोजी, संक्रांतीस, अक्राणी तालुक्यात भूषा येथे नर्मदेत बोट उलटली आणि लहान पोरांसह माणसे बुडाली. तेथे ना प्रेक्षागृह होते, ना पायरी.

आणि अडचण पाहाल तर तीच आहे. मुंबईस उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते. म्हणून तेथे पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का लागतो. आमच्याकडे भरती येते पावसाळ्यात आणि ओहोटी लागते उन्हाळ्यात. उकाईची पूर्ण पातळी ३४५ फूट; वैशाखात पाणी खूप मागे सरते, आणि भाद्रपदात बांधलेला घाट चिखलापलीकडे कोरडा पडतो. एक तरंगता तराफा, त्यास कठडा, किनाऱ्यापर्यंत सरकती फळी, आणि प्रत्येक बोटीत माणसागणिक एक जाकीट, एवढेच आमचे मागणे. यास २२९ कोटी लागत नाहीत. दीडशे मोटारींच्या जागेचा खर्च वाचविला तरी आमच्या दोन्ही फुगवट्यांवरचे सारे उतार होऊन पैसे उरतील, असा आमचा अडाणी हिशेब आहे. चुकीचा असेल तर इंजिनियर साहेबांनी पाटीवर मांडून दाखवावा.

नवापूर, अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील वाचकांस विनंती की, आपल्या गावी होडी कोठे लागते, उन्हाळ्यात चिखलातून किती पावले चालावे लागते, बोट कोणाची, भाडे किती, जाकिटे आहेत की नाहीत, हे पोस्टकार्डावर लिहून धाडावे. लिहिता येत नसेल त्याने शाळेतल्या पोराकडून लिहवून घ्यावे. पुढच्या ग्रामसभेआधी ही पत्रे आम्ही गाववार छापू व त्याची एक प्रत सागरी मंडळास टपालाने पाठवू.