विमानाचं सर्व्हिसिंग कोण करतं?

आमचं गाव निफाड तालुक्यातलं. द्राक्षबागांवरून सुखोई विमान गर्जत जातं तेव्हा शिकवणं आपोआप थांबतं, कारण निम्मा वर्ग खिडकीशी पोहोचलेला असतो. ओझरचा विमान कारखाना जवळच असल्यामुळे हा आवाज आम्हाला एसटीच्या हॉर्नइतकाच सवयीचा झाला आहे.

८ ऑक्टोबर हा हवाई दल दिन. त्या दिवशी नववीच्या वर्गात आम्ही पुस्तक बाजूला ठेवलं आणि फळ्यावर एक प्रश्न लिहिला : देशाला हवाई दल उभं करायचं आणि टिकवायचं तर काय काय लागतं? भराभर हात वर झाले. राफेल, ब्राह्मोस, रडार, पायलट. एकाने 'पैसा' म्हटलं. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, विमानाचं सर्व्हिसिंग कोण करतं?" सगळा वर्ग हसला. या मुलाच्या अब्बांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. खरं सांगायचं तर आम्हालाही क्षणभर हसू आलं. घरी जाताना मात्र लक्षात आलं की कामाचा प्रश्न त्यानेच विचारला होता. या महिन्याचं सदर त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी.

सुरुवात इतिहासापासून करू. आपलं हवाई दल कागदावर आलं ८ ऑक्टोबर १९३२ रोजी. पहिली तुकडी उभी राहिली १ एप्रिल १९३३ रोजी, कराचीजवळच्या ड्रिघ रोडला. चार वापिटी विमानं, इंग्लंडला शिकून आलेले सहा भारतीय अधिकारी आणि एकोणीस जवान. या जवानांचं नाव होतं 'हवाई सिपाही'. नावात हवा असली तरी त्यांचं काम जमिनीवरचं होतं : इंजिन उघडणं, तारा ताणणं, विमान उडण्यालायक ठेवणं. सहा अधिकाऱ्यांपैकीही पाचच वैमानिक होते, सहावा सामानसुमान आणि सुट्या भागांचा हिशेब पाहणारा. म्हणजे पहिल्या दिवसापासून उडणारे थोडे आणि उडवण्यासाठी खपणारे जास्त, असंच हे खातं आहे.

आता खरेदीचं पाहा. २०१६ साली आपण फ्रान्सशी ३६ राफेल विमानांचा करार केला, सुमारे ५९ हजार कोटी रुपयांचा. बाजारात बसून लोक या रकमेला छत्तीसने भागतात आणि एका विमानाची किंमत काढतात. तो हिशेब बरोबर नाही. त्या रकमेत क्षेपणास्त्रं होती, सुटे भाग होते, सरावाची यंत्रं होती, देखभालीची व्यवस्था होती. ठरावीक काळ किमान ७५ टक्के विमानं कोणत्याही वेळी उडण्यास तयार असली पाहिजेत, अशी अटही होती. ही अट का घालावी लागते? कारण हँगरमध्ये उभं असलेलं विमान मोजणीत येतं, लढाईत येत नाही. गावात दारात ट्रॅक्टर उभा आहे पण हंगामात पंप बंद पडला, तर त्या ट्रॅक्टरचा काय उपयोग, हे आमच्या त्या विद्यार्थ्याला वेगळं सांगायला नको.

सुटे भाग कुठून येतात, हाही मोठा प्रश्न. आपली बरीच विमानं सोव्हिएत संघाकडून आलेली. १९९१ साली तो देशच मोडला आणि त्याचे कारखाने वेगवेगळ्या देशांत वाटले गेले. एका विमानाच्या भागांसाठी अनेक दारं ठोठवायची वेळ आली. एएन-३२ या मालवाहू विमानांचं उदाहरण घ्या. त्यांच्या नूतनीकरणाचा करार २००९ साली युक्रेनशी झाला. काही विमानं तिकडे जाऊन आली, बाकीची कानपूरच्या आपल्या डेपोत व्हायची होती. २०१४ साली रशिया आणि युक्रेनमध्ये बिनसलं आणि कानपूरचं काम रखडलं. भांडण त्यांचं आणि खोळंबा आपला.

म्हणूनच हवाई दलाने देखभालीसाठी वेगळी कमांडच ठेवली आहे. मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. ओझरला तिचा दुरुस्ती डेपो आहे. तिथे लढाऊ विमान पूर्ण उघडलं जातं, एकेक भाग तपासला जातो आणि पुन्हा जोडलं जातं. त्याच ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ साली, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, मिग-२१ बांधण्यासाठी उभा राहिला. सांगाडा नाशिकला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला, अशी ती वाटणी होती. एक विमान उभं करायला तीन राज्यांतले कामगार लागत.

तरीही एक गोष्ट आपल्याला अजून पूर्ण साधलेली नाही, ती म्हणजे इंजिन. १७ जून १९६१ रोजी 'मारुत' हे भारतात बांधलेलं लढाऊ विमान पहिल्यांदा उडालं. आराखडा होता कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याचा. विमान देखणं होतं, १९७१ च्या युद्धात ते लढलंही. पण त्याला हवं तेवढ्या ताकदीचं इंजिन कधीच मिळालं नाही, आणि आवाजापेक्षा वेगाने जाण्यासाठी काढलेलं विमान त्या वेगाला पोहोचलं नाही. पुढे तेजससाठी 'कावेरी' इंजिनावर कित्येक वर्षं काम झालं, अखेर तेजसमध्ये अमेरिकी इंजिन बसलं. २०२१ साली ८३ सुधारित तेजस विमानांची मागणी नोंदवली गेली. त्यांच्यासाठीचं पहिलं इंजिन अमेरिकेहून आलं मार्च २०२५ मध्ये, ठरल्या वेळेच्या बऱ्याच नंतर.

इंजिन एवढं अवघड का? त्याच्या आतली पाती अशा गरम वायूत फिरतात की त्या उष्णतेत तो धातू खरं तर वितळायला हवा. ती टिकावीत म्हणून अख्खं पातं एकाच स्फटिकासारखं ओततात आणि त्याच्या आतून बारीक वाटांनी थंड हवा खेळवतात. हा हुनर जगात मोजक्याच देशांकडे आहे आणि तो कोणी फुकट शिकवत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागतात, धातू ओळखणारे कारागीर लागतात, आणि दहा वेळा फसलं तरी अकराव्या वेळी पैसे देणारं सरकार लागतं.

माणसं घडवण्यातली दिरंगाई तर फारच महाग पडते. मिग-२१ धावपट्टीवर ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने उतरायचं. त्याआधी नवशिक्या वैमानिकाला मधल्या पायरीचं प्रशिक्षण विमान हवं, ही मागणी १९८० च्या दशकापासून होती. हॉक विमानांचा करार झाला २००४ साली आणि ती बिदरच्या तळावर दाखल झाली २००८ साली. तोवरच्या वीसेक वर्षांत विशीतली पोरं साध्या विमानावरून एकदम मिगवर गेली. मिग विमानांच्या अपघातांत १९७० च्या दशकापासून २०१२ पर्यंत १७१ वैमानिक दगावले, असं सरकारनेच संसदेत सांगितलं. सगळे अपघात प्रशिक्षणाच्या उणिवेने झाले असं नाही; पण फायली फिरत राहिल्या की त्याची किंमत कोणाच्या तरी घरचं पोर देतं.

त्या मिग-२१ ला २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदिगडला निरोप दिला गेला, बासष्ट वर्षांच्या सेवेनंतर. आता मंजूर ४२ तुकड्यांऐवजी आपल्याकडे लढाऊ विमानांच्या २९ तुकड्या उरल्या आहेत. ही तूट एका खरेदीने भरणारी नाही. १७ ऑक्टोबरला ओझरहून सुधारित तेजसने पहिलं उड्डाण केलं तेव्हा आमची मुलं पुन्हा खिडकीशी होती. या वेळी आम्ही त्यांना परत बोलावलं नाही.

आपल्या घराघरांनी काय करावं, हेही सांगायला हवं. एक साधी गोष्ट : विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावर कापणं, कातडी सोलणं, कचरा टाकणं याला कायद्याने मनाई आहे. कारण घाणीवर घारी येतात आणि एक घार इंजिनात गेली तर विमान आणि वैमानिक दोघंही संकटात सापडतात. ओझर, लोहगाव, नागपूरच्या आसपास राहणाऱ्यांनी हे वर्षभर आणि बकरी ईदला तर विशेष लक्षात ठेवावं.

दुसरी गोष्ट मुलांची. हैदराबादच्या इद्रिस हसन लतीफ यांनी १९४७ च्या वाटणीत भारताचं हवाई दल निवडलं, १९७८ साली ते त्याचे प्रमुख झाले आणि पुढे आपल्या महाराष्ट्राचे राज्यपालही. जग्वार विमानं त्यांच्याच कारकिर्दीत आली. त्यांचं नाव आपण अभिमानाने घेतो, घ्यावंच. पण प्रमुख एकच होतो, हवाई सिपाही हजारो लागतात. बारावीला गणित, भौतिकशास्त्र आणि इंग्रजी घेऊन ५० टक्के गुण मिळवलेले किंवा तीन वर्षांचा इंजिनीअरिंग डिप्लोमा केलेले मुलगे-मुली अग्निवीर वायू म्हणून अर्ज करू शकतात. नोकरी चार वर्षांची, त्यातून जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात, हे आधीच समजून घ्यावं. आयटीआय झालेल्यांना ओझरच्या कारखान्यात शिकाऊ उमेदवारीची वाट आहे. मुलांना दहावीनंतर गणित सोडू देऊ नका, एवढं मात्र आम्ही हात जोडून सांगतो.

गेल्या रविवारी आम्ही त्या गॅरेजमध्ये गेलो. मुलगा डिझेल पंप उघडून बसला होता. काढलेले स्क्रू त्याने फडक्यावर ओळीने, काढले त्याच क्रमाने मांडले होते. त्याच्या अब्बांना दहावीनंतर त्याला गॅरेजवरच बसवायचं होतं. आम्ही डिप्लोमाचा विषय काढला. ते बराच वेळ पान्हा पुसत राहिले. मग म्हणाले, "सर, फी किती पडेल?" आम्ही फी आणि शिष्यवृत्तीची माहिती कागदावर लिहून दिली. त्यांनी घडी करून तो खिशात ठेवला. हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

सोमवारी वर्गात आम्ही फळ्यावरची जुनी यादी पुन्हा लिहिली आणि सगळ्यात वर 'सर्व्हिसिंग करणारा' असं घातलं. या वेळी कोणी हसलं नाही.